सिद्रा आणि बोर : एका नावाविषयीचा संवाद

'सिद्रा' हे मुलीचे नाव आज विदर्भातील मुस्लिम कुटुंबांत ओळखीचे झाले आहे, आणि ते ज्या झाडाचे नाव आहे ते झाड यवतमाळ जिल्ह्याच्या शिवाराशिवारांत उभे आहे. परंतु या दोन गोष्टी एकच आहेत, हे नाव ठेवणाऱ्यांपैकी अनेकांच्या ध्यानी येत नाही. अरबी भाषेत 'सिद्र' हा शब्द एका काटेरी फळझाडाच्या सबंध जातीला लावतात, आणि त्या भाषेच्या व्याकरणानुसार अशा समूहवाचक नामाला स्त्रीलिंगी प्रत्यय जोडला की त्यातील एक नग सूचित होतो. त्यामुळे 'सिद्रा' म्हणजे सिद्र जातीचे एक झाड. उर्दूत या झाडाला 'बेरी' म्हणतात आणि मराठीत बोर. मराठीतही फळ नपुंसकलिंगी आणि झाड स्त्रीलिंगी आहे, म्हणजे 'ते बोर' खाल्ले जाते आणि 'ती बोर' धुऱ्यावर उभी असते, हे लक्षात घेतले तर दोन्ही भाषांनी या झाडाला बाईमाणसाचे लिंग दिले आहे असे दिसते.

असे असले तरी नाव ठेवणाऱ्या आईबापांच्या मनात धुऱ्यावरची बोर नसते. त्यांच्या मनात 'सिद्रतुल मुन्तहा' असते. 'मुन्तहा' म्हणजे शेवट, जिथे एखादी गोष्ट संपते ती मर्यादा. आणि सिद्रतुल मुन्तहा म्हणजे त्या अखेरच्या मर्यादेवरचे सिद्राचे झाड. मेराजच्या रात्री, म्हणजे पैगंबरांच्या आकाशारोहणाच्या रात्री, जिब्रील हा देवदूतसुद्धा ज्या ठिकाणापलीकडे गेला नाही ते ठिकाण या झाडापाशी आहे, अशी मुस्लिम परंपरेची श्रद्धा आहे. एकाच शब्दाचे एक टोक असे आकाशात आणि दुसरे काळ्या जमिनीत असल्यामुळे त्याच्या अर्थाविषयी दोन भिन्न भूमिका संभवतात. पुढील संवादात त्या दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातल्या आहेत. एक आहेत मक्तबात, म्हणजे मशिदीला जोडलेल्या प्राथमिक धर्मशिक्षणाच्या वर्गात, अरबी शिकवणारे मौलवीसाहेब. दुसरे त्याच समाजातील, शेतकरी घरात वाढलेले आणि जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. संवादाचे स्थळ म्हणून दारव्हा तालुक्यातील बोरी अरब हे गाव योजले आहे, कारण या गावाच्या नावात बोर आणि अरब हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदतात.

मौलवीसाहेब : गुरुजी, घरात मूल जन्मले की लोक नाव विचारायला येतात, तेव्हा त्यांना झाडाची माहिती नको असते, नावातली बरकत हवी असते. सातव्या दिवशी अकीका होतो, बाळाचे जावळ काढतात, बकऱ्याची कुर्बानी होते, आणि त्या दिवशी जे नाव ठेवले जाते ते मूल आयुष्यभर अंगावर वागवते. पैगंबरांनी 'आसिया' नावाच्या स्त्रीचे नाव बदलून 'जमीला' ठेवले, कारण आसिया म्हणजे आज्ञा मोडणारी आणि जमीला म्हणजे सुंदर. अर्थ चांगला असावा, ही शिकवण त्यातून मिळते. सिद्रा या नावाचा अर्थ तर चांगल्याहून चांगला आहे. जिथे सृष्टीची हद्द संपते तिथले झाड. त्या अर्थाला खाली ओढून बोरीच्या काट्यांत अडकवण्याचे कारण काय?

गुरुजी : मौलवीसाहेब, अर्थ चांगला असावा हे मान्यच आहे. पण आपण जे सांगितले त्यात 'मुन्तहा'चा अर्थ आला, 'सिद्रा'चा आला नाही. मुलीचे नाव सिद्रा आहे. तिला कोणी विचारले की सिद्रा म्हणजे काय, आणि ती 'स्वर्गातले झाड' एवढेच म्हणाली, तर पुढचा प्रश्न येणारच : कसले झाड? त्या प्रश्नाला घरात कोणाकडे उत्तर नसते, आणि झाड मात्र घराच्या मागे उभे असते.

येथे 'आसिया'च्या दाखल्याविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे, कारण नावांच्या अर्थाबाबत होणारा घोळ त्यातून उमगतो. फिरऔनच्या, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजाच्या, धर्मनिष्ठ पत्नीचे परंपरेत सांगितलेले नावही देवनागरीत 'आसिया' असेच लिहावे लागते, मात्र अरबी लिपीत ते वेगळ्या अक्षरांचे आणि आदरणीय आहे. बदलले गेलेले नाव निराळे. तसेच 'राबिया' या नावाचा अर्थ पुष्कळदा 'वसंत' असा सांगितला जातो, पण बसरा येथील सूफी संत राबिया यांच्या नावाचा अर्थ 'चौथी' असा आहे. वसंताचा वाचक अरबी शब्द 'रबीअ' हा होय, आणि तो यवतमाळच्या शेतकऱ्याच्या तोंडी 'रब्बी' या रूपात दर हिवाळ्यात असतो. ज्याला गहू-हरभऱ्याचा रब्बी हंगाम ठाऊक आहे त्याला अरबी वसंत ठाऊकच आहे. फक्त त्याला तसे कोणी सांगितलेले नाही. 'खरीप' हा शब्दही अरबीच, मूळ अर्थ शरद ऋतू. विदर्भातील संत्र्याच्या बागांत 'आंबिया बहार' आणि 'मृग बहार' असे दोन बहार धरतात; त्यातला 'बहार' फारसी असून त्याचा अर्थ वसंत, आणि 'बहार' हेच मुलीचेही नाव असते. झाडे, ऋतू आणि नावे यांची ही सरमिसळ भाषेत इतकी खोलवर झाली आहे की अमुक शब्द आपला आणि अमुक परका हे शब्दाच्या नुसत्या रूपावरून ठरवता येत नाही. गुरुजींच्या भूमिकेचा पाया या जाणिवेवर उभा आहे.

गुरुजी : जुन्या पिढीची नावे आठवून पाहा. शेख चांद, शेख गुलाब, चांदबी, गुलाबबी. ही नावे घेताना चंद्र आणि फूल डोळ्यांसमोर येत होते. अहमदनगरच्या चांदबीबीने 1596 मध्ये वऱ्हाड मुघलांच्या हवाली केले. आपला सगळा मुलूख ज्या तहात हात बदलून गेला त्या तहाशी जोडलेल्या बाईचे नाव चंद्राचे, आणि तेही फारसी 'माह' नव्हे, अरबी 'कमर' नव्हे, येथल्या लोकांच्या बोलीतला चांद. सुलतानाच्या घरात जे नाव चालले ते आज साध्या घरात गावंढळ का वाटावे?

मौलवीसाहेब : गावंढळ वाटते असे नव्हे, गुरुजी. पण त्या पिढीला अक्षरओळख कमी होती. कानावर जे पडले ते नाव झाले. नंतर उर्दू शिकलेल्या घरांनी शबनम, नर्गिस, यास्मीन ही नावे ठेवली. आता मुले अर्थासहित कुराण वाचतात, म्हणून नावेही कुराणातून येतात. याला शिक्षणाची वाढ म्हणावे. आणि शबनम, नर्गिस यांविषयी आपली तक्रार नसेल तर सिद्राविषयी का?

गुरुजी : तक्रार नाहीच, उलट या नावाचा आनंद आहे. नर्गिसाचे फूल या जिल्ह्यात रानात सापडत नाही. शबनम म्हणजे रात्रीचा ओलावा. 'शब' म्हणजे रात्र आणि 'नम' म्हणजे ओल. ते दव येथे कपाशीच्या पानावर पडते, पण त्याला सगळे दव म्हणतात. सिद्रा मात्र असे नाव आहे की ज्यातली वस्तू हाताने धरून दाखवता येते. इतक्या मोठ्या अर्थाचे आणि इतक्या जवळच्या वस्तूचे दुसरे नाव नाही. म्हणूनच ती वस्तू झाकून ठेवलेली पाहवत नाही.

मौलवीसाहेबांच्या भूमिकेत तथ्य नाही असे मानणे चूक ठरेल. नाव म्हणजे वस्तूवर डकवलेली चिठ्ठी नव्हे. ते एखाद्या ग्रंथाशी, स्मृतीशी आणि प्रार्थनेशी नाते जोडते, आणि ते नाते वनस्पतिशास्त्राने पुरे होत नाही. बदरीनारायणाचे नाव घेणाऱ्या यात्रेकरूच्या मनात 'बदरी' म्हणजे बोर हा अर्थ असतोच असे नाही, किंवा ब्रह्मसूत्रांचे कर्ते म्हणून परंपरेने मानलेल्या बादरायणांचे नाव उच्चारताना कोणाच्या डोळ्यांपुढे बोरीचे बन उभे राहत नाही. तरी ती नावे अर्थहीन होत नाहीत. संस्कृत 'बदर' प्राकृतात 'बोर' झाला आणि मराठीने तो तसाच घेतला. एका बाजूने हिमालयातील धाम, दुसऱ्या बाजूने सातव्या आकाशापलीकडची मर्यादा, आणि दोन्हीकडे नाव याच एका काटेरी कुळाचे. शबरीने रामाला बोरे दिली ही कथा तर मराठी मुलांना सांगावीही लागत नाही.

परंतु धर्मग्रंथातील अर्थ कळण्यासाठीच झाड पाहावे लागते, हा गुरुजींचा मुद्दा अधिक बळकट आहे, आणि तो समजण्यासाठी बोरीची एक फांदी जवळून पाहणे उपयोगाचे ठरेल. बोरीची कोवळी डहाळी सरळ वाढत नाही. प्रत्येक पेरापाशी ती थोडी वळते, त्यामुळे ती नागमोडी दिसते. प्रत्येक वळणावर एक पान असते आणि पानाच्या बुडाशी बहुधा दोन काटे असतात. त्यांतला एक सरळ सुईसारखा आणि दुसरा मागे वळलेला, आकड्यासारखा. सरळ काटा हात पुढे जाताना टोचतो, आणि वाकडा काटा हात मागे घेताना धरून ठेवतो. बोरे काढायला झुडपात हात घातलेल्या प्रत्येक मुलाला ही रचना शब्दांशिवाय पाठ असते. पान वरून गडद हिरवे व तुकतुकीत, खालून पांढुरके व मऊ लवेचे, आणि बुडापासून निघालेल्या तीन ठळक शिरांचे असते.

गुरुजी : कुराणात सिद्राचा उल्लेख चार ठिकाणी आहे, हे आपणच मुलांना शिकवता. त्यांपैकी वाकिआ या सूरहमध्ये, म्हणजे अध्यायात, स्वर्गातल्या सिद्राला 'मखदूद' म्हटले आहे. मखदूद म्हणजे काय?

मौलवीसाहेब : ज्याचे काटे काढून टाकले आहेत असे. काही भाष्यकार 'फळांच्या भाराने वाकलेले' असाही अर्थ देतात, पण काटे नसलेले हा अर्थ प्रसिद्ध आहे.

गुरुजी : मग काटे नसलेली बोर हे सुख कोणाला कळेल? ज्याने काटे सोसले त्यालाच. वाळवंटातल्या ज्या माणसांनी ती वाणी प्रथम ऐकली त्यांच्या हातांवर या झाडाचे ओरखडे असणार. त्यांना नुसते 'सुंदर झाड' म्हणून सांगितले असते तर ते विसरले असते. पण तुमच्या ओळखीचे तेच झाड, तीच सावली, तेच फळ आणि काटा मात्र नाही, असे सांगितल्यावर स्वर्ग त्यांच्या हाताच्या अंतरावर आला. आपल्या मुलीला बोर दाखवली नाही, तर 'मखदूद' हा शब्द तिच्यापुरता मुका राहील.

मौलवीसाहेब : हे म्हणणे मनाला पटते. हदीसमध्येही, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या नोंदींत, सिद्रतुल मुन्तहाचे वर्णन करताना तिची फळे हजर गावच्या रांजणांएवढी आणि पाने हत्तीच्या कानांसारखी सांगितली आहेत. म्हणजे ओळखीच्या वस्तूंनीच अनोळखी वस्तू सांगितली. तरीही एक शंका उरते. सबा या सूरहमध्ये मारिबच्या लोकांची कथा आहे. त्यांचे धरण फुटले, दोन्ही बाजूंच्या भरघोस बागा गेल्या, आणि त्यांच्या जागी कडवट फळे, झाऊची झाडे आणि थोडीशी सिद्र उरली. तेथे सिद्र ही उजाडपणाची खूण आहे. झाडाचा अर्थ धरला तर हा दैन्याचा अर्थही मुलीच्या पदरी येतो. मुन्तहाचा अर्थ धरला तर येत नाही.

हा आक्षेप संवादातील सर्वांत अवघड आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. येमेनमधील मारिबचे धरण हे प्राचीन जगातील मोठ्या पाटबंधाऱ्यांपैकी एक होते. ते फुटल्यानंतर ओलिताची शेती संपली आणि पाण्यावाचून तग धरणारी झाडे तेवढी टिकली, असे त्या कथेचे भौतिक रूप आहे. सिद्र तेथे उरली ती हलकी म्हणून नव्हे, तर तिची मुळे खोल जातात म्हणून. कोरडवाहू कपाशीवर जगणाऱ्या यवतमाळसारख्या जिल्ह्याला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. पाऊस ओढ देतो तेव्हा पीक माना टाकते आणि धुऱ्यावरची बोर मात्र हिरवी असते. तिच्या पाल्यावर शेळ्या जगतात, तिच्या काटेरी फांद्यांचे, म्हणजे बोराटीचे, कुंपण होते, आणि हिवाळ्यात तिचीच फळे मुलांच्या खिशात असतात. उजाडपणात उरणारे झाड आणि उजाडपण आणणारे झाड यांत अंतर आहे, आणि नावाच्या दृष्टीने पहिला अर्थ कमीपणाचा मानण्याचे कारण नाही.

गुरुजी : चार उल्लेखांत तीच बोर सर्वांत खालीही आहे आणि सर्वांत वरही आहे, मौलवीसाहेब. ग्रंथाने दोन्हीकडे एकच शब्द ठेवला. आपण का वेगळे करावे?

मौलवीसाहेब : पण ती हीच बोर आहे कशावरून? लखनौचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. एम. आय. एच. फारुकी यांनी कुराणातील वनस्पतींवर पुस्तक लिहिले आहे. स्वर्गाच्या संदर्भातील सिद्र म्हणजे लेबनॉनचा देवदार असावा, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्या प्रसंगाला देवदारासारखा उत्तुंग वृक्ष शोभतो. झुडपासारखी बोर शोभत नाही.

गुरुजी : विद्वानांचे मत आदराने ऐकावे. पण देवदाराला काटे नसतात. मग 'काटे काढलेला' हे विशेषण त्याला कशाला लावायचे? आणि अरब लोक आजही सिद्र कशाला म्हणतात?

वनस्पतिशास्त्रीय बाजू थोडक्यात अशी आहे. अरबस्तानात आज ज्या झाडाला सिद्र म्हणतात ते प्रामुख्याने 'जिझिफस स्पायना-क्रिस्टी' होय. या शास्त्रीय नावाचा अर्थ 'ख्रिस्ताचा काटा' असा असून येशूच्या मस्तकावरचा काटेरी मुकुट याच झाडाचा होता या ख्रिस्ती समजुतीवरून ते पडले आहे. विदर्भातील बोर म्हणजे 'जिझिफस मॉरिशियाना'. दोन्ही झाडे एकाच वंशातील, परंतु दोन जाती आहेत. चुलतबहिणी म्हणाव्यात इतक्या जवळच्या. म्हणून 'सिद्रा म्हणजे बोर' हे विधान शास्त्राच्या काटेकोर भाषेत थोडे सैल आहे, पण व्यवहारात भारतातील मुसलमानांनी शतकानुशतके ते खरे मानले आहे, आणि याचा सर्वांत ठाम पुरावा कोशात नसून मृत्यूच्या प्रसंगी मिळतो.

पैगंबरांच्या कन्येचे निधन झाले तेव्हा तिला पाण्याने आणि सिद्राच्या पानांनी तीन, पाच किंवा गरजेप्रमाणे अधिक वेळा न्हाऊ घालावे आणि शेवटच्या पाण्यात कापूर घालावा, असे त्यांनी स्त्रियांना सांगितल्याची हदीस उम्मे अतिय्या यांच्याकडून आली आहे. त्या आधाराने मय्यतीच्या गुस्लसाठी, म्हणजे मृतदेहाला घालायच्या अखेरच्या स्नानासाठी, पाण्यात सिद्राचा पाला टाकतात. आणि भारतात तो पाला बोरीचा असतो. पाला ठेचून पाण्यात चोळला की फेस येतो, कारण त्यात साबणासारखे गुण असलेली द्रव्ये असतात. साबण नव्हता त्या काळी तो मळ काढीत असे, आणि अरब देशांत सिद्राची पूड केस धुण्यासाठी अजून विकतात. घरात मय्यत झाली की कोणीतरी कोयता घेऊन धुऱ्याकडे जातो आणि बोरीच्या चार डहाळ्या घेऊन येतो. त्या वेळी कोणाला शंका येत नाही की ही सिद्र आहे की नाही.

गुरुजी : मरताना जी बोर चालते ती जन्मताना का चालू नये? हाच प्रश्न आहे, मौलवीसाहेब. आणि शेजारच्या घरांत पाहा. संक्रांतीच्या सुमारास लहान मुलाचे बोरन्हाण करतात. काळे झबले, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे यांचा वर्षाव. सगळी आळीतली मुले ती बोरे वेचायला धावतात, आपली मुलेही धावतात. त्यांचे पहिले न्हाण बोरांचे, आपले अखेरचे न्हाण बोरीच्या पाल्याचे. एकाच झाडाने दोन्ही घरांची माणसे न्हाऊ घातली आहेत.

यानंतर मौलवीसाहेबांनी काही काळ उत्तर दिले नाही, असे येथे मानले आहे. कारण ज्याने स्वतः अनेक मय्यतींना गुस्ल दिला असेल त्याला हा प्रश्न शब्दांचा राहत नाही. त्यांच्या भूमिकेतला बदल हा हार मानण्याचा नाही. त्यांनी स्वतःच्या परंपरेतली एक गोष्ट पुढे काढली, आणि ती गुरुजींच्या मुद्द्याहून पुढे गेली.

मौलवीसाहेब : अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात सिद्राचे झाड तोडणाऱ्याला कडक इशारा आहे. त्याचा अर्थ विचारला तेव्हा त्यांनी सांगितले की, उजाड माळावर ज्या सिद्राच्या सावलीत वाटसरू आणि जनावरे बसतात, ती उगाच, हक्क नसताना जो तोडतो त्याच्याविषयी हे वचन आहे. झाडाचा अर्थ धरायचा तर मग पूर्ण धरावा, गुरुजी. मुलीचे नाव सिद्रा ठेवणाऱ्या बापाने धुऱ्यावरची बोर ट्रॅक्टरच्या फेरीला अडते म्हणून तोडू नये. हे आपल्यालाही सांगावे लागेल आणि आम्हालाही.

गुरुजी : हे तर आपण सोन्यासारखे बोललात. आणि धुरा हा शब्द आपल्या तोंडून आला, म्हणून एक गोष्ट बोलण्याचे धाडस होते. आपल्या भागात दोन शेतांच्या मधला बांध म्हणजे धुरा. एकाचे शेत जिथे संपते ती जागा. मुन्तहा म्हणजे जिथे संपते ती जागा. मग 'सिद्रतुल मुन्तहा' या शब्दांचे वऱ्हाडी भाषांतर 'धुऱ्यावरची बोर' असे होत नाही काय?

मौलवीसाहेब : होत नाही. शब्दांचे होईल, अर्थाचे होणार नाही. धुऱ्याच्या पलीकडे शेजाऱ्याचे शेत असते आणि तिथे काय पेरले आहे ते दिसते. मुन्तहाच्या पलीकडचे कोणालाच दिसत नाही, जिब्रीललाही नाही. ती मर्यादा जमिनीची नाही, जाणण्याची आहे.

येथे मौलवीसाहेबांचे म्हणणे ग्राह्य मानावे लागते. ओळखीच्या वस्तूने अनोळखी गोष्ट सांगितली म्हणजे ती अनोळखी गोष्ट संपूर्ण ओळखीची होत नाही, आणि धुरा व मुन्तहा यांना एकच ठरवले तर मुलीच्या नावातील जो विस्मय आईबापांना प्रिय आहे तोच हरवेल. तरीही गुरुजींच्या भाषांतरात जे सुचले ते टाकून देण्यासारखे नाही. शेताच्या मध्यभागी बोर कोणी ठेवत नाही, कारण तिथे पीक घ्यायचे असते. ती कडेला उगवते आणि कडेलाच राहू दिली जाते, आणि त्यामुळे गावात कोणाला वाट सांगायची असेल तर त्या बोरीपर्यंत अमक्याचे शेत, असे सांगता येते. झाडाने मर्यादा दाखवणे ही कल्पना यवतमाळच्या माणसाला बाहेरून शिकावी लागत नाही. या जिल्ह्यातील बाभूळगाव आणि कळंब या तालुक्यांच्या गावांची नावे पाहिली तरी एकात बाभूळ उभी आहे, आणि दुसऱ्याचे पुराणातील नाव कदंबपूर असे सांगतात. स्वतः 'यवतमाळ' या नावाची उपपत्ती जुने गावनाव 'यवत' किंवा 'येवता' आणि त्याला जोडलेला 'महाल' हा परगण्याचा वाचक अरबी शब्द यांतून लावली जाते. आर्णीच्या दर्ग्यातील बाबांना लोक 'कंबलपोश' म्हणतात. त्यातले 'कंबल' संस्कृतातले आणि 'पोश', म्हणजे पांघरणारा, फारसीतले, आणि नवस बोलायला जाणाऱ्या हिंदू-मुसलमान बायांना हा जोड कधी खटकलेला नाही.

गुरुजींनी शेवटी शाळेतील अनुभवाला धरून एक व्यवहारी सूचना मांडली. मुलीच्या नावापुढे तिच्या वहीत पहिल्या पानावर नावाचा अर्थ मराठीत लिहावा, कारण ती मराठी शाळेत जाणार आहे, मधल्या सुट्टीत बोरकूट खाणार आहे, आणि नावाचा अर्थ विचारणाऱ्या मैत्रिणी मराठीतच विचारणार आहेत. त्या एका ओळीच्या शब्दांवर दोघांची चर्चा झाली. 'स्वर्गातील वृक्ष' हे मौलवीसाहेबांनीच खोडले, कारण त्यात झाडाचे नाव नव्हते. 'धुऱ्यावरची बोर' त्यांनी मान्य केले नाही. 'सीमेवरची बोर' गुरुजींना पुस्तकी वाटली. सीमा म्हटले की मुलीला सैनिक आठवतील, असे त्यांचे मत पडले.

मौलवीसाहेब : हद्द म्हणावे काय?

गुरुजी : गावाची हद्द, शेताची हद्द. तलाठ्याच्या कागदातला शब्द आहे, लहान मुलालाही कळेल.

मौलवीसाहेब : आणि मूळचा अरबी आहे, गुरुजी. आपल्या किताबांतही तोच आहे.

गुरुजी : मग तोच लिहू. 'सिद्रा : हद्दीवरची बोर.'

मौलवीसाहेब : 'शेवटच्या हद्दीवरची.' तेवढा एक शब्द राहू द्या.